मुंबई ते लंडन : विमानाचं अंतर नेमकं किती आणि वेळ किती?

रानजाई | ८ नोव्हेंबर २०२५, १०:१५

नमस्कार मंडळी. ताई लंडनला असते, जानेवारीत तिचं बाळंतपण आहे. आई-बाबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याहून निघतील. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास आणि सोबत कोणी नाही. तिकिटं मी काढतेय आणि आकड्यांनी पार गोंधळून गेलेय.

अंतर सांगणाऱ्या एका साइटवर मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटरच्या आसपास, 'उड्डाणाचा वेळ ८ तास' असं दिसतं. थेट विमानाच्या तिकिटावर १० तास १० मिनिटं आहेत. दुबईमार्गे बघितलं तर चौदा ते सतरा तास. आणि थेट विमानाची वेळ दुपारी १:३० ला निघून संध्याकाळी ६:१० ला पोचणार अशी छापलेली, त्यामुळे बाबा म्हणतात, "पावणेपाच तासांचा तर प्रवास, एवढी काय काळजी करतेस?"

बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. त्यामुळे ते प्रत्यक्षात किती तास खुर्चीत बसणार, जेवण आणि डोस कधी येणार, हे मला नीट कळायला हवं. यातला खरा आकडा कोणता? थेट घ्यावं की दुबईमार्गे? जाणकारांनी कृपया सांगावं.

वाटसरू | ८ नोव्हेंबर २०२५, १०:४८

बाबांचा हिशोब आधी सोडवून टाकू. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावची. सध्या लंडन आपल्या साडेपाच तास मागे आहे. तिथे संध्याकाळी ६:१० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११:४०. दीडपासून अकरा चाळीस मोजा, बरोबर १० तास १० मिनिटं. त्यात चूक काहीच नाही.

पण आठचे दहा तास कसे होतात हे मलाही कोडं आहे. मला वाटतं कंपन्या वेळ फुगवून लिहितात, म्हणजे उशीर झाला तरी 'वेळेवर पोचलो' म्हणायला मोकळ्या.

ध्रुवमत्स्य | ८ नोव्हेंबर २०२५, १२:३०

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे अंतराचं मी सांगतो. वेळेचं कोणी विमानवाल्याने सांगावं.

साइटवरचा आकडा म्हणजे दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावर काढलेलं सर्वांत कमी अंतर. आपलं सहार १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर आणि शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला. गणित केलं की साधारण ७,२१० किलोमीटर येतात. घरी पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं टोक धरून लंडनपर्यंत ताणा. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ आखात, इराक, तुर्कस्तानवरून जाईलसं वाटतं, पण दोरा चांगलाच उत्तरेकडे सरकतो.

आता तो दोरा कुठून जातो ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. मुंबईतून वायव्येला निघालेली रेषा सौराष्ट्रावरून जाऊन जवळजवळ थेट कराचीच्या डोक्यावरून जाते. पुढे बलुचिस्तान, पूर्व आणि उत्तर इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक. मग आर्मेनिया-जॉर्जियाची सीमा (वाटेचा निम्मा टप्पा जवळपास तिथेच पडतो), काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि लंडन.

वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ही यादी बघून कळेल की आज या रेषेवरून भारतीय विमान जाऊच शकत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी हद्द बंद केली, ती अजून उघडलेली नाही. इराणचं आकाश यंदा जूनमध्ये युद्धामुळे एका रात्रीत रिकामं झालं होतं. ७,२१० हा आकडा भूमितीचा आहे आणि तेवढ्यापुरता तो अगदी बरोबर आहे.

रानजाई | ८ नोव्हेंबर २०२५, १३:०५

ध्रुवमत्स्य, खूप आभार. पण मग विमान जातं कुठून? आणि वळसा घातल्याने अंतर किती वाढतं? दोन तास वाढण्याइतकं?

ध्रुवमत्स्य | ८ नोव्हेंबर २०२५, १४:२०

मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून ओमानकडे, तिथून आखातावरून किंवा सौदी-इराकवरून तुर्कस्तान, काळ्या समुद्राची पश्चिम बाजू, रोमानिया किंवा बल्गेरिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी. रोज अगदी हीच वाट असते असं नाही.

मस्कतवरून जायचं ठरवून मी कागदावर मांडलं. मुंबई-मस्कत साधारण १,५९० आणि मस्कत-लंडन साधारण ५,८३०, मिळून ७,४२०. म्हणजे जेमतेम दोनशे किलोमीटर वाढले. पुढचे वळसे धरले तर आणखी थोडे. मुंबईच्या नशिबाने समुद्राची वाट फारशी आडवळणाची नाही.

हेच दिल्लीचं बघा. दिल्ली-हीथ्रो सरळ रेषेत सुमारे ६,७३०, मुंबईपेक्षा ४८० किलोमीटरने जवळ. पण पाकिस्तान टाळून मस्कतला वळसा घालायचा तर ७,८०० च्या वर जातात. हजारावर किलोमीटर वाढले आणि जवळची दिल्ली मुंबईपेक्षा लांब झाली! शाळेतल्या मुलांना हे उदाहरण दिलं की त्यांचे डोळे विस्फारतात. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना एप्रिलपासून जो त्रास होतोय त्याचं मूळ या एका बेरजेत आहे.

त्यामुळे रानजाई, तुमच्या दोन तासांचं उत्तर अंतरात पूर्ण मिळणार नाही. ते वाऱ्यात आणि विमानतळावर शोधावं लागेल.

सांताक्रूझकर | ८ नोव्हेंबर २०२५, २१:४०

डिस्पॅचमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे. विमान सुटायच्या आधी त्याची वाट, इंधन, वाटेतले पर्यायी विमानतळ हे सगळं कागदावर मांडणारं ते खातं. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिली गोष्ट, तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईत चाकांखालचे ठोकळे, म्हणजे चॉक्स, काढून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू. लंडनला गेटवर उभं राहून पुन्हा चॉक्स लागले की बंद. मधलं जमिनीवरचं सरपटणंही त्यातच येतं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढी वर्दळ एका धावपट्टीवर सांभाळणारे विमानतळ जगात मोजके आहेत. विमान गेटवरून सुटलं म्हणजे उडालं असं नसतं. पुढे रांग असते, वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

दुसरी गोष्ट वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, तोच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो जास्त जोमात असतो आणि दक्षिणेला सरकून उत्तर भारत, इराण, भूमध्य समुद्राच्या पट्ट्यात येतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा तिथे नवलाचा नाही. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. प्रत्येक क्षणी वारा पूर्ण ताकदीने समोर नसतो, म्हणून आम्ही अख्ख्या वाटेची सरासरी काढतो.

आता हिशोब मांडतो. मोठी विमानं हवेच्या तुलनेत ताशी ९०० च्या आसपास उडतात. साइटवाल्याने ७,२१० भागिले ९०० केलं, आठ तास आले. वारा शून्य, वाट सरळ, विमानतळ रिकामे. प्रत्यक्षात समजा वाट ७,६०० ची झाली आणि समोरच्या वाऱ्यामुळे जमिनीच्या तुलनेत वेग सरासरी ८२० राहिला. नऊ तास सोळा मिनिटं झाली. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची पंधरा मिनिटं. दोन्हीकडचं सरपटणं पस्तीस-चाळीस मिनिटं. बेरीज करा, तुमच्या तिकिटावरचे १० तास १० मिनिटं येतात.

परतीला तीच ७,६०० ची वाट धरा, पण वाऱ्याने ढकललं तर वेग ९८० होतो. पावणेआठ तास आणि वरची पाऊण-एक तासाची भर, म्हणजे पावणेनऊच्या आत. एकाच वाटेवर जाता-येता दीड तासाचा फरक, तोही निव्वळ वाऱ्याने.

वाटसरूंना एवढंच सांगेन की थोडी जादा मिनिटं वेळापत्रकात धरलेली असतात हे खरं, पण ती फसवणूक नाही. त्याच वेळेवर हीथ्रोचा स्लॉट (उतरायची-उडायची नेमून दिलेली वेळ), पुढची जोड-विमानं, कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे तास, सगळं अवलंबून असतं. सगळं सुरळीत झालेल्या दिवसाचा वेळ छापला तर दर दुसऱ्या दिवशी शेकडो लोकांची पुढची विमानं चुकतील. हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यात वाऱ्याचाही हिशोब असतो.

वाटसरू | ९ नोव्हेंबर २०२५, ०८:१०

सांताक्रूझकर, पटलं. ड्यूटीच्या तासांचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. एक विचारू का? वाट कोणती घ्यायची हे किती आधी ठरतं? जूनमध्ये मुंबईहून लंडनला निघालेली विमानं अर्ध्या वाटेतून परत फिरली असं वाचलं होतं.

सांताक्रूझकर | ९ नोव्हेंबर २०२५, १०:३०

काही तास आधी. वाऱ्याचे ताजे तक्ते येतात, नोटॅम येतात (कुठलं आकाश बंद, कुठली धावपट्टी दुरुस्तीला, अशा सूचना), विमानाचं वजन कळतं. मग दोन-तीन वाटा काढून बघायच्या. सर्वांत आखूड वाट नेहमी सर्वांत स्वस्त नसते. शंभर किलोमीटर लांबून गेल्याने समोरचा वारा टळत असेल तर तेच बरं. शिवाय प्रत्येक देश आपल्या आकाशातून जाण्याचे पैसे घेतो, तोही हिशोब असतो.

इंधन भरमसाठ भरून ठेवावं असं बाहेरच्याला वाटतं. पण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. मुंबईत जादा घातलेल्या टनातला जवळपास चौथा हिस्सा लंडनला पोचेपर्यंत निव्वळ ते ओझं नेण्यात जळतो. म्हणून मोजून भरतात. ठरलेल्या वाटेचं, वळशासाठीचं, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटचं तीस मिनिटं घिरट्या घालण्याचं, त्याला हात लावायचा नाही असा नियम.

१३ जूनला इराणवर हल्ले सुरू झाले तेव्हा विमानं हवेत होती. पुढचं आकाश बंद झाल्यावर नवी वाट धरायला इंधन पुरेल का, पुरत नसेल तर कुठे उतरायचं, हे त्या क्षणी ठरवावं लागतं. काही परत फिरली, काही युरोपात आणि आखातात उतरली. त्या रात्री डिस्पॅचच्या खुर्चीत बसलेल्या पोरांनी काय काम केलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. २०१९ मध्ये बालाकोटनंतर २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हाही दिवसेंदिवस वाटा नव्याने आखल्या जात होत्या. प्रवाशाला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त तासभर उशीर दिसतो.

माणदेशी | ९ नोव्हेंबर २०२५, ११:१५

थोडं वेगळं मत मांडतो. दुबईमार्गे तिकीट बरंच स्वस्त पडतं, आणि सलग दहा तास बसण्यापेक्षा मध्ये उतरून पाय मोकळे करणं वयस्कर माणसांना बरं. अंतरही फार वाढत नाही ना?

ध्रुवमत्स्य | ९ नोव्हेंबर २०२५, ११:५०

अंतर खरंच वाढत नाही. मुंबई-दुबई साधारण १,९३० आणि दुबई-हीथ्रो साधारण ५,५००, मिळून ७,४३०. थेट विमानाच्या वाटेइतकंच. आखाती कंपन्यांचा सगळा धंदा या भूगोलावर उभा आहे.

थेम्सकाठ | ९ नोव्हेंबर २०२५, १३:४०

अंतर वाढत नसलं तरी दगदग वाढते. दुबईला उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, प्रचंड मोठ्या टर्मिनलमध्ये गेट शोधायचं, कधी मधे गाडीने जायचं, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरं चुकण्याची धास्ती. माणदेशी, तुमचा पाय मोकळे करण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण ते थेट विमानातही उठून फेऱ्या मारून होतं. पहिल्यांदा निघालेल्या, इंग्रजी फारसं न बोलणाऱ्या आई-बाबांना एकदा बसवलं की थेट लेकीच्या गावात उतरावं, यासाठी जास्तीचे पैसे मोजणं मला योग्य वाटतं. मुंबई-हीथ्रो थेट विमानं एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिकची आहेत, आणि या ऑक्टोबरपासून इंडिगोही आहे. निवडायला वाव आहे.

तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मदत मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा, त्यात कमीपणा नाही. मदतनीस चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो आणि हीथ्रोला इमिग्रेशन, सामान करून बाहेर आणून सोडतो. तिथे चालणं बरंच असतं.

आता हीथ्रोचं थोडं. इथे दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या भरलेल्या असतात. उतरणारी विमानं गर्दीच्या वेळी चार ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबतात : बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन हिल. एकावर एक थर, खालचं सुटलं की वरचं एक थर खाली येतं. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा लॅम्बर्न किंवा बिगिन हिल येतं. पडद्यावरच्या नकाशात विमान गोल फिरताना दिसलं तर आईंना घाबरू नका म्हणावं, ते रोजचंच आहे. दहा-पंधरा मिनिटांत रांग सुटते.

वारा पश्चिमेचा असला, आणि बहुतेक दिवस तो असतोच, की विमान अख्खं लंडन शहर ओलांडून उतरतं. जागा निवडता आली तर उजव्या बाजूची खिडकी घ्या. डिसेंबरात चार वाजताच सूर्य मावळतो, सहाला सगळं शहर दिव्यांत दिसेल.

जुनी पानं | ९ नोव्हेंबर २०२५, १६:२५

थोडं अवांतर, पण याच वाटेचं आहे. एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली सेवा हीच, मुंबई-लंडन. ८ जून १९४८ च्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टलेशन सांताक्रूझहून उडालं. आत ३५ प्रवासी, त्यात खुद्द जेआरडी टाटा. कैरो आणि जिनिव्हा करत ते १० जूनला लंडनला पोचलं. त्या काळी बोटीने सुएझमार्गे जायला दोन-तीन आठवडे लागायचे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे ते उभं करणारी माणसं समुद्रावरूनच गेली होती.

ही वाट सोपी नव्हती. तेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. आणि २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून लंडनच्या दिशेने जाणारं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर कोसळलं. त्यात डॉ. होमी भाभा गेले. तेव्हा विमानं दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असे थांबे घेत जायची. आज त्याच आल्प्सच्या उत्तरेकडून कितीतरी उंचावरून आपण झोपेत जातो.

सांताक्रूझकर | ९ नोव्हेंबर २०२५, १७:००

जुनी पानं, ही आठवण काढलीत, बरं केलंत. आमच्या पिढीतल्या वरिष्ठांच्या तोंडी 'कांचनजंगा'चा विषय निघाला की खोलीतले आवाज बंद व्हायचे.

साखरवेळ | ९ नोव्हेंबर २०२५, २१:१५

मी मधुमेहाच्या रुग्णांबरोबर काम करणारी डॉक्टर आहे. बाबांचे डोस त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवेत, मी फक्त काय विचारायचं ते सांगते.

पश्चिमेला जाताना दिवस लांबतो. डिसेंबरात बाबांचा तो दिवस चोवीसऐवजी साडेएकोणतीस तासांचा होणार. दिवसातून एकदा घ्यायचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन असेल तर त्याची वेळ कशी सरकवायची, आणि जेवणाआधीचं किंवा मिश्र इन्सुलिन असेल तर जास्तीच्या जेवणासाठी काय करायचं, हे दोन प्रश्न निघायच्या किमान दोन आठवडे आधी विचारून कागदावर मराठीत लिहून घ्या. वेळा भारतीय घड्याळात लिहा आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ लंडनला पहिली रात्र झोपेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. मोबाइल आपोआप बदलतो आणि तिथेच घोळ होतो.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच. चेक-इनच्या सामानात अजिबात नको, होल्डमध्ये ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. सोबत प्रिस्क्रिप्शन आणि औषधांची मूळ नावं असलेलं इंग्रजी पत्र ठेवा. अर्धं इन्सुलिन आईंच्या बॅगेत ठेवा, एक बॅग हरवली तरी अडणार नाही. ग्लुकोमीटर, बिस्किटं, ग्लुकोजच्या गोळ्या खिशात. आणि जेवणाची ट्रे प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इंजेक्शन घ्यायचं नाही. हवा खराब झाली की कर्मचारी वाढणं थांबवतात, तासभर सहज जातो.

दर तास-दीड तासाने उठून चालणं आणि पाणी पिणं दोघांनीही करायचं.

हक्कसोड नाही | १० नोव्हेंबर २०२५, ०९:३०

अंतराच्या आकड्याचा आणखी एक उपयोग सांगते. ब्रिटनच्या नियमानुसार विमान फार उशिरा पोचलं तर भरपाई मिळते आणि रक्कम अंतरावर ठरते. ते अंतर प्रत्यक्ष उडालेलं नसून ध्रुवमत्स्य यांनी काढलेलं सरळ रेषेचंच धरतात. ३,५०० किलोमीटरच्या पुढचा गट सर्वांत वरचा, मुंबई-लंडन त्यात सहज बसतं. कंपनीच्या चुकीने तीन ते चार तास उशीर झाला तर माणशी २६० पौंड, चार तासांवर ५२० पौंड.

कोणाला लागू हे नीट बघा. ब्रिटनमधून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागू. ब्रिटनला येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी ब्रिटनची किंवा युरोपीय संघातली असेल तरच. म्हणजे भारतीय कंपनीने जाताना नाही, परतताना आहे. आकाश बंद, वादळ अशा कारणांना भरपाई नाही, पण अडकलात तर जेवण आणि राहण्याची सोय कंपनीने करायची असते. बोर्डिंग पास जपून ठेवायला सांगा.

रानजाई | १० नोव्हेंबर २०२५, १२:२०

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवले. कराचीवरून जाणाऱ्या रेषेचं ऐकून त्यांनी ताईच्या जुन्या शाळेच्या सामानातून पृथ्वीगोल काढला आणि दोरा लावून बघितला. आता ते रोज मलाच शिकवतात.

थेट विमानच घेतेय. साताऱ्याहून पहाटे चारला निघाले तर सहारला दहापर्यंत पोचतील, चेक-इनला पुरेसा वेळ. बरोबर ना?

माणदेशी | १० नोव्हेंबर २०२५, १३:००

असं नको. साताऱ्याहून सहार अडीचशे किलोमीटर. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की सगळं गणित कोलमडतं. आणि पूर्ण प्रवास मोजून बघा. पहाटे चारला घर सोडलं. सहा दहाला लंडनला गेटवर, इमिग्रेशन-सामानाला दीड तास, ताईच्या घरी जायला तासभर. म्हणजे तिथले पावणेनऊ, आपल्याकडे रात्रीचे सव्वादोन. बावीस तास! त्यात विमानाचे दहाच. दुबईबद्दल तुमचं सगळ्यांचं मला पटलं, पण माझं एवढं ऐकाच : आदल्या दिवशी दुपारी निघून पनवेल, ठाणे, अंधेरी, जिथे नातेवाईक असतील तिथे मुक्काम करा. बाबांचं सकाळचं इन्सुलिन आणि नाश्ता तरी निवांत होईल.

साखरवेळ | १० नोव्हेंबर २०२५, १३:२५

माणदेशींना शंभर टक्के पाठिंबा. डोसाच्या दृष्टीने हा बदल सर्वांत महत्त्वाचा.

रानजाई | १० नोव्हेंबर २०२५, १९:४५

अंधेरीला मावशी आहे, तिच्याकडे मुक्काम ठरला. ती म्हणाली, मीच सोडायला जाते. नवी मुंबईचं विमानतळ झालंय ना, तिथून नाही का, असंही विचारत होती.

परतीचं तिकीट मे महिन्याचं आहे. तेव्हाही वेळेचा फरक साडेपाच तासच धरायचा का? आणि ताईने घ्यायला किती वाजता यायचं? मोबाइलवर विमान 'उतरलं' दिसल्यावर निघाली तर चालेल?

सांताक्रूझकर | १० नोव्हेंबर २०२५, २०:३०

नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबरला उद्घाटन झालं, पण प्रवासी विमानं २५ डिसेंबरपासून सुरू होणार आहेत. तुमचं सहारच, टर्मिनल २. तरी तिकिटावरचं टर्मिनल वाचून मावशींना सांगा.

मे महिन्यात फरक साडेचार तासांचा. २९ मार्चला ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे जातील. मेमध्ये जेट स्ट्रीम उत्तरेला सरकलेला आणि मंदावलेला असतो, त्यामुळे पाठीमागचा वारा जानेवारीइतका मिळणार नाही. परतीला नऊ तास धरून चाला. मुंबईत मे महिन्यात ढगांचे गडगडाट सुरू झालेले असले तर थोडे वरखाली होतील.

थेम्सकाठ | १० नोव्हेंबर २०२५, २२:१०

ताईला तर या दिवसांत घाईने धावपळ करू देऊच नका, जावईबापूंना पाठवा. विमान 'उतरलं' दिसणं आणि आई-बाबा दारातून बाहेर येणं यात कमीत कमी तास जातो, व्हीलचेअर असेल तर कधी जास्तही, कारण मदतनीस इतरांनाही घेऊन येत असतो. विमान वेळेत असेल तर सातला अरायव्हल्सला उभे राहिले तरी पुष्कळ. येताना दोन जाड जॅकेटं घेऊन यावं. सामानातून कोट काढण्याच्या भानगडीत न पडता आई-बाबांना थेट गाडीपर्यंत जाता येईल. आणि जावईबापूंचा नंबर आईंच्या पर्समध्ये कागदावर लिहून ठेवा, उतरल्यावर मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं नाही. मदतनीसाला तो कागद दाखवला की तो स्वतः फोन लावून देतो.